जुनी अमेरिकन कार्टूनची पॉकेटबुकं जमवायचीत? आधी कव्हर राहू द्या, कॉपीराइटचं पान उघडा

गेल्या महिन्यात एका मित्राने व्हॉट्सॅपवर फोटो टाकला. पिवळट पडलेलं छोटंसं पुस्तक, वर 'द मॅड रीडर' लिहिलेलं ('मॅड' या अमेरिकन विनोदी मासिकातल्या कार्टूनचं पॉकेटबुक), आणि खाली याचा मेसेज, "१९५४ चं आहे रे, वीस डॉलर म्हणतोय, घेऊ का?" मी म्हटलं कव्हर राहू दे, आतलं कॉपीराइटचं पान दाखव. दाखवलं. १९५४ साल होतं खरं, पण त्याच्याखाली छपायांची ही भलीमोठी यादी आणि शेवटची ओळ सत्तरच्या दशकातली. म्हणजे पुस्तक तेच, विनोद तेच, फक्त वीस डॉलरचं नाही. त्याने घासाघीस करून तीनला घेतलं आणि खूश झाला.

तर हे सगळं त्याच्यासारख्या नव्या मंडळींसाठी. मी न्यू जर्सीत राहतो, गेली बरीच वर्षं ही पुस्तकं गोळा करतोय, तज्ज्ञ वगैरे नाही, पण चुका भरपूर केल्यात आणि त्या तुमच्या तरी वाचाव्यात एवढंच.

आधी ही भानगड काय आहे ते

१९३९ साली रॉबर्ट डी ग्राफ नावाच्या माणसाने 'पॉकेट बुक्स' नावाचं प्रकाशन सुरू केलं, किंमत २५ सेंट, लोगो म्हणजे चष्मा लावलेली कांगारू, तिचं नाव गर्ट्रूड. खरी गंमत किमतीत नव्हती, विकायच्या जागेत होती. ही पुस्तकं औषधांच्या दुकानात, पेपरच्या स्टॉलवर, स्टेशनवर मिळायची, जिथे माणूस पुस्तक घ्यायला मुळात गेलेलाच नसायचा. अशा ठिकाणी जाड कादंबरीइतकाच, किंबहुना जास्तच, विनोद खपतो. १९४१ मध्येच त्यांनी शाळकरी पोरांच्या उत्तरपत्रिकांतल्या विनोदी चुकांचं एक पॉकेटबुक काढलं, त्यातली चित्रं डॉ. स्यूसची आहेत, आणि हे बऱ्याच विकणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही कारण लहान मुलांच्या पुस्तकांमुळे पुढे गाजलेले डॉ. स्यूस तेव्हा कोणी फार मोठं नाव नव्हते. सेलमध्ये दिसलं तर गपचूप उचला.

युद्धाच्या काळात सैनिकांसाठी फुकट वाटायची आडवी पुस्तकं निघाली, आर्म्ड सर्व्हिसेस एडिशन्स, १९४३ ते १९४७, सगळी मिळून १२ कोटींच्या वर प्रती. मासिकं छापायच्या मशीनवर एकावर एक दोन पुस्तकं छापून मधून कापायचे, म्हणून ती आडवी. त्यात विनोदी लेखनही होतं, जेम्स थर्बरसुद्धा. घरी परतलेल्या त्या पोरांना पेपरबॅक वाचायची सवय लागलेली होतीच. मग बॅन्टम आलं, सिग्नेट आलं, १९५० मध्ये फॉसेटचं गोल्ड मेडल आलं, १९५२ मध्ये इयन आणि बेट्टी बॅलंटाइन या नवरा-बायकोचं बॅलंटाइन बुक्स आलं. तुम्ही जे गोळा करणार ते बहुतेक या चार-पाच नावांचंच असणार, साधारण १९४० ते १९८० मधलं, खिशात मावेल असं, सव्वाचार इंच रुंद आणि सात इंच उंच.

एक गोष्ट मनात पक्की बसवा. ही पुस्तकं टिकावीत म्हणून कोणी बनवली नव्हती. ट्रेनमध्ये वाचायची, सीटवर सोडून द्यायची, एवढंच त्यांचं आयुष्य. त्यामुळे जे उरलंय ते एकतर खूप झिजलेलं असतं किंवा कुणाच्या तरी माळ्यावर विसरलेलं.

पायरी १ : वाचायला हवंय की ठेवायला?

हे आधी ठरवा, खरंच, पैसे द्यायच्या आधी. वाचायला हवं असेल तर छपाई कितवी आहे, कोपरा दुमडलाय का, आत कुणी "टू बॉबी, ख्रिसमस" असं लिहिलंय का, कशाचाच फरक पडत नाही, एक ते पाच डॉलरमध्ये ढीग मिळतो. ठेवायला हवं असेल तर पहिली छपाई, सरळ कणा, न दुमडलेलं कव्हर, आणि मग खिसा वेगळा लागतो. दोन्ही चालतं, पण दोन्ही एकदम सुरू केलं की काय होतं माहितीये, मध्यम अवस्थेतली पुस्तकं मध्यम किमतीला घेतली जातात जी ना धड वाचता येतात कारण फाटायची भीती, ना धड कपाटात मिरवता येतात. माझ्याकडे एक अख्खा खोका आहे असा.

नवख्याला मी सांगीन की पहिलं वर्ष फक्त वाचायच्या कॉपी घ्या, आणि पाच डॉलरच्या वर जाऊच नका. कुठला कार्टूनिस्ट आपल्याला खरंच हसवतो ते कळल्याशिवाय पहिल्या छपाईच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

पायरी २ : एकच धागा पकडा

"जुनी अमेरिकन विनोदी पुस्तकं" हा विषय म्हणजे समुद्र आहे, बुडाल. छोटं धरा.

माझ्या मते सगळ्यात चांगली सुरुवात म्हणजे बॅलंटाइनची पाच मॅड पुस्तकं. बरोब्बर पाच आहेत, म्हणून संपतात, आणि काहीतरी पूर्ण झाल्याचं सुख मिळतं. 'द मॅड रीडर' १९५४, 'मॅड स्ट्राइक्स बॅक' आणि 'इनसाइड मॅड' १९५५, 'अटर्ली मॅड' १९५६, 'द ब्रदर्स मॅड' १९५८. मॅड १९५२ मध्ये दहा सेंटची रंगीत कॉमिक म्हणून सुरू झालं, हार्वी कर्टझमन संपादक, आणि १९५५ मध्ये २४ व्या अंकापासून ते काळ्या-पांढऱ्या मासिकात बदललं. या पाच पुस्तकांतला बहुतेक मजकूर कर्टझमनच्या काळातला आहे, चित्रं विल एल्डर, वॉली वूड, जॅक डेव्हिस यांची. सुपरमॅनची प्रसिद्ध टिंगल 'सुपरड्युपरमॅन' पहिल्याच पुस्तकात आहे.

आता यात मजा बघा. कॉमिकचं पान मोठं, पुस्तकाचं पान तळहाताएवढं. मग त्यांनी काय केलं, पानं कापली, चौकटी सुट्या केल्या आणि नव्याने मांडल्या, रंग काढून टाकला. त्यामुळे मूळ कॉमिक आणि पॉकेटबुक ही वाचायला दोन वेगळी प्रकरणं होतात, विनोदाची लयच बदलते, मूळ पानावर शेवटची चौकट आधीच डोळ्याला दिसायची ती इथे पान उलटल्यावर येते. पण एल्डरला चित्राच्या मागे बारीक बारीक फालतू विनोद कोंबायची खोड होती, तो त्याला 'चिकन फॅट' म्हणायचा, ते या आकारात मुंगीएवढे झालेत. एक भिंग घ्या. मी चेष्टा करत नाहीये, आजीच्या पोथीजवळ असायचं तसलं, बेस्ट इन्व्हेस्टमेंट.

आणि तो दात पडलेला, कान बाहेर आलेला, निवांत हसणारा पोरगा, आल्फ्रेड ई. न्यूमन, तो मॅडमध्ये आला तो याच पुस्तकामार्गे. बॅलंटाइनचे संपादक बर्नार्ड शर-क्लिफ यांच्या ऑफिसातल्या बोर्डावर जुनं पोस्टकार्ड टाचलेलं होतं, कर्टझमनची नजर त्याच्यावर पडली, आणि मासिकाच्या आधी तो चेहरा 'द मॅड रीडर'च्या कव्हरवर झळकला. म्हणून त्या पहिल्या छपाईला जरा जास्त मान.

कर्टझमन १९५६ मध्ये मॅड सोडून गेला. १९५९ मध्ये मॅडची पुस्तकं सिग्नेटकडे गेली आणि त्याच वर्षी बॅलंटाइनने कर्टझमनचं 'जंगल बुक' काढलं, आधी कुठेही न छापलेलं, सगळं नव्याने पॉकेटबुकसाठी काढलेलं. तेव्हा ते चाललं नाही. नंतर मोठ्या आकारात दोनदा पुन्हा निघालं, तेव्हा वाचायचं असेल तर नवं घ्या, पण ते मूळ १९५९ चं हातात आलं तर मात्र पाच डॉलरचा नियम मोडायला माझी परवानगी आहे.

सिग्नेटचा काळ म्हणजे 'द बेडसाइड मॅड'पासून पुढे, यादी लांबच लांब. इथे एकेका चित्रकाराची स्वतंत्र पुस्तकं सुरू झाली, आणि हा नवख्यांसाठी सोपा धागा आहे. डॉन मार्टिनचं 'डॉन मार्टिन स्टेप्स आउट' १९६२ चं, लांब जबड्याची, पायाचे पंजे मोडलेली माणसं आणि कुठल्याच डिक्शनरीत नसलेले आवाज. क्युबातून पळून आलेला अँटोनियो प्रोहियास, त्याचे काळा हेर आणि पांढरा हेर. सर्जिओ आरागोनेस. अल जॅफी. यांच्याकडून सुरुवात करा असं मी मुद्दाम सांगतोय, कारण यातलं बरंचसं एक तर बिनशब्दांचं आहे किंवा त्याला संदर्भ लागत नाही. आयझनहॉवर कोण, तेव्हाच्या सिगरेटच्या जाहिरातीत काय म्हणायचे, कुठल्या टीव्ही मालिकेची नक्कल आहे, हे माहीत नसेल तर पन्नासच्या दशकातला राजकीय विनोद म्हणजे आपल्याकडच्या जुन्या व्यंगचित्रात टोपीवाला माणूस नक्की कुठल्या पक्षाचा आहे हे नातवाला समजावण्यासारखं होतं. जॅफीने १९६४ पासून मासिकाच्या मागच्या पानावर घडी घालून बघायचं चित्र सुरू केलं, घडी घातली की चित्र बदलतं. आपण 'आवाज'च्या दिवाळी अंकातल्या खिडक्या उघडत वाढलेले लोक, आपल्याला ते शिकवावं लागत नाही.

स्नूपीवाल्यांसाठी सावधान

पीनट्स, म्हणजे स्नूपी कुत्र्याची कॉमिक स्ट्रिप, हा दुसरा लोकप्रिय धागा आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. स्ट्रिप २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झाली, आधी मोठ्या आकाराची पुस्तकं निघाली, मग साठीच्या दशकात फॉसेट क्रेस्टने त्याच पुस्तकांचे दोन-दोन तुकडे करून पॉकेटबुकं काढली आणि प्रत्येक तुकड्याला नवं नाव दिलं. कव्हरवर बारीक अक्षरात "अमुक पुस्तकातली निवडक कार्टून्स, भाग १" असं लिहिलेलं असतं, ते वाचा. नाही वाचलं तर मोठं पुस्तक एक, तुकडे दोन, असं एकाच मजकुराला दोनदा पैसे देऊन बसाल. मी बसलोय.

आणि फक्त वाचायचं असेल तर ही पॉकेटबुकं घेऊच नका, २००४ ते २०१६ या काळात फँटाग्राफिक्सने अख्खं पीनट्स २६ खंडांत नीट छापलंय, लायब्ररीत मिळतं. पॉकेटबुक घ्यायचं ते त्या कव्हरच्या चटक रंगांसाठी आणि लहानपणीच्या आठवणीसाठी.

बाकी धागे पटापट सांगतो. डेनिस द मेनेस, १२ मार्च १९५१ ला अमेरिकेत सुरू झालं आणि योगायोग असा की ब्रिटनमध्ये याच नावाचा दुसराच एक द्वाड पोरगा त्याच आठवड्यात सुरू झाला, त्यामुळे ऑनलाइन सर्च करताना दोन्ही मिसळतात. गोल्ड मेडलची बी.सी. आणि विझर्ड ऑफ इड या स्ट्रिप्सची पुस्तकं, स्वस्त आणि सगळीकडे. व्हर्जिल पार्च म्हणजे व्हीआयपी अशी सही करणारा, बायका आणि दारू हे दोनच विषय पण रेषा अफाट. शेल सिल्व्हरस्टीन, ज्याच्या लहान मुलांच्या कविता आपल्या पोरांना अमेरिकन शाळेत असतात, तो कोरियात आणि जपानमध्ये सैन्यात असताना सैनिकांच्या पेपरात कार्टून काढायचा, त्याचं 'ग्रॅब युअर सॉक्स' बॅलंटाइनने १९५६ ला काढलं, हे सापडलं तर लहान मुलांच्या पुस्तकांच्या ढिगात सापडेल कारण नाव बघून तिकडेच टाकतात. वॉल्ट केलीची पोगो ही स्ट्रिप उत्तम आहे पण त्याची मूळ पुस्तकं मोठ्या आकाराची, एक डॉलरवाली, पॉकेटबुकच्या फळीत मावत नाहीत. माझं कपाट अरुंद आहे म्हणून मी पोगो सोडलं, कारण एवढंच.

पायरी ३ : पुस्तक वाचायच्या आधी पुस्तक "वाचा"

कॉपीराइटचं पान. त्यावरचं कॉपीराइटचं साल म्हणजे हातातल्या कॉपीचं साल नव्हे, हे एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी माझं काम झालं. त्याच्याखाली "फर्स्ट प्रिंटिंग" आणि महिना, मग "सेकंड", "थर्ड" अशी यादी असते, शेवटची ओळ ती तुमची कॉपी. फक्त पहिलीच ओळ असेल तर पहिली छपाई. नंतरच्या काळात यादीऐवजी आकड्यांची एक ओळ येते, १ पासून ९-१० पर्यंत, त्यातला सगळ्यात लहान आकडा जो उरला असेल ती छपाई. म्हणजे ४ पासून सुरू होत असेल तर चौथी.

मग किंमत बघा. १९५४ चं पुस्तक आणि कव्हरवर ९५ सेंट? शक्यच नाही, तेव्हा ३५ चालायचे. सिग्नेटच्या नंबरापुढे अक्षर असतं, तीच किंमत असते एका अर्थी, एस म्हणजे ३५ सेंट, डी म्हणजे ५०, पी म्हणजे ६०, टी म्हणजे ७५. किंमत वाढली की नवं अक्षर आणि नवा नंबर, म्हणून एकाच पुस्तकाचे तीन वेगवेगळे नंबर दिसले तर गोंधळू नका, आणि "हा दुर्मिळ नंबर आहे" असं कोणी सांगितलं तर हसून पुढे जा.

पेन्समध्ये किंमत असेल तर ते ब्रिटिश आहे. हे खास आपल्या लोकांसाठी सांगतोय, कारण मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर किंवा किंग्ज सर्कलला जी स्नूपीची पुस्तकं आपण लहानपणी घेतली ती बरीचशी कॉरोनेटची, म्हणजे लंडनहून आलेली. मी अमेरिकेत आल्यावर अभिमानाने माझं लहानपणचं कलेक्शन एका म्हाताऱ्या दुकानदाराला दाखवलं तर तो म्हणाला छान आहे पण यातलं एकही अमेरिकन नाही. तरी ती मी ठेवलीत, आत आमच्याकडच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीचा जांभळा शिक्का आहे, "पान फाडल्यास दंड".

पायरी ४ : अवस्था, म्हणजे कंडिशन

इथे भाषा शिकावी लागते. विकणारे फाइन, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर असं लिहितात आणि आपण "गुड" वाचून चांगलं समजतो. गुड म्हणजे चांगलं नव्हे! गुड म्हणजे लग्नाच्या स्थळात "मुलगा स्वभावाने चांगला आहे" म्हणतात तसं. सगळी पानं आहेत, कव्हर आहे, बाकी विचारू नका. "रीडिंग कॉपी" म्हणजे त्याच्याही खाली. व्हेरी गुडपासून पुढे बघण्यासारखं सुरू होतं.

हातात घेऊन काय बघायचं: टेबलावर आडवं ठेवून कणा बाजूला कललाय का (सारखं एका हाताने मागे दुमडून वाचलं की असा वाकडा होतो), कण्यावर उभ्या पांढऱ्या रेघा किती आहेत, आणि मग हळूच, अगदी हळूच, मध्ये उघडून बघा. या पुस्तकांना शिवण नसते, नुसता गोंद, आणि साठ वर्षांचा गोंद बिस्किटासारखा होतो. सपाट उघडलंत तर कट्ट करून दोन तुकडे, दुकानातच. जुन्या पॉकेट बुक्सच्या कव्हरवरचा पारदर्शक पापुद्रा सुटायला लागलेला असतो, तो ओढायचा मोह होतो, ओढू नका, रंगही सोबत येतो.

कार्टूनच्या पुस्तकांचा खास रोग म्हणजे पोरांनी केलेलं रंगकाम. काळी-पांढरी चित्रं म्हणजे रंगवायचं पुस्तक असा समज. प्रत्येक पान उलटून बघा. मागे कूपन असलेलं शेवटचं पान कापलेलंही असतं. १९५८ मध्ये रॉजर प्राइस आणि लिओनार्ड स्टर्नने काढलेली मॅड लिब्ज, ती गाळलेल्या जागा भरायची, त्यांचा मॅड मासिकाशी काही संबंध नाही बरं का, ती तर भरलेलीच सापडतात. मला स्वतःला भरलेली आवडतात. १९६३ सालच्या कुठल्याशा पोराला विशेषण म्हणून सगळीकडे "सडका" हेच सुचतंय हे वाचून मी जेवढा हसलो तेवढा मूळ विनोदाला नाही.

आणि कव्हर नसलेलं पुस्तक कधीच घेऊ नका. न खपलेली पॉकेटबुकं परत पाठवायचा खर्च जास्त, म्हणून दुकानदार फक्त कव्हर फाडून पाठवायचे आणि पैसे परत मिळवायचे, उरलेलं पुस्तक नष्ट करायचं असा करार. पुढे तर प्रकाशक आत छापायलाच लागले की कव्हरशिवाय घेतलंत तर हा चोरीचा माल समजा. माझा किस्सा सांगतो. ऑनलाइन २२ पुस्तकांचा लॉट घेतला, फोटोत फक्त कणे दिसत होते, रांगेत छान उभे. घरी खोका उघडला तर एकच पुस्तक चार वेळा, दोनांना पुढचं कव्हरच नाही, आणि एक तर विनोदीही नव्हतं, बागकामाचं होतं. विकणाऱ्याला लिहिलं तर उत्तर आलं, फोटोत जे दिसतंय तेच दिलंय. बरोबरच होतं त्याचं. तेव्हापासून लॉट घेताना पुढच्या कव्हरांचे फोटो मागतो, नाही दिले तर सोडून देतो.

पायरी ५ : शोधायचं कुठे

अमेरिकेत असाल तर पब्लिक लायब्ररीचा सेल, हा राजा. 'फ्रेंड्स ऑफ द लायब्ररी' नावाने गावातली मंडळी भरवतात, शेवटच्या दिवशी पिशवी भरून ठराविक पैसे असा प्रकार असतो. पहिल्या दिवशी डीलर लोक स्कॅनर घेऊन येतात, पण त्यांचा स्कॅनर बारकोडवर चालतो आणि आपल्या बहुतेक पुस्तकांना बारकोडच नसतो, त्यामुळे ते सोडून जातात! शेवटच्या दिवशी जा, ह्यूमरचं टेबल बघाच पण लहान मुलांचं आणि पॉकेटबुकांचा जो न लावलेला ढीग टेबलाखाली असतो तो आधी बघा.

एस्टेट सेल म्हणजे घरातली म्हातारी माणसं गेल्यावर अख्खं घर विकायला काढतात तो, दुसऱ्या दिवशी भाव बहुतेक अर्धे. तळघर आणि मुलांची जुनी खोली. जरा कसंनुसं वाटतं पहिल्यांदा, कुणाच्या तरी बेडरूममध्ये उभं राहून कुणाचं तरी बालपण चाळायचं. कॉमिकच्या प्रदर्शनात डीलर लोक पॉकेटबुकं टेबलाखालच्या खोक्यात ठेवतात कारण त्यांना त्यात रस नसतो, "खाली काय आहे?" विचारायला लाजू नका. कॅलिफोर्नियात असाल तर ग्लेनडेलला जुन्या पेपरबॅकचं खास प्रदर्शन भरतं, तिथे सगळं मिळतं पण लोकांना सगळं माहितीही असतं, स्वस्त काही नाही.

ऑनलाइन घेताना मागितलेली किंमत बघू नका, विकलेली बघा. ईबेवर विकून झालेल्या वस्तूंचा फिल्टर आहे, तो लावला की ऐंशी डॉलर सांगितलेलं पुस्तक प्रत्यक्षात किती वेळा नऊ डॉलरला गेलंय ते कळतं. पोस्टासाठी मीडिया मेल म्हणजे पुस्तकांसाठीचा स्वस्त दर, उशिरा येतं पण येतं. विकणाऱ्याला पुठ्ठ्याचे दोन तुकडे वर-खाली लावायला सांगा, रबरबँड नको, रबर कव्हर कापतं.

भारतात बसून मागवायचं असेल तर खरं सांगू, पोस्टाने परवडत नाही. समुद्रमार्गे जाणारी स्वस्त टपाल सेवा अमेरिकेने २००७ मध्येच बंद केली. तेव्हा येणारा-जाणारा माणूस हाच खरा मार्ग. एक पॉकेटबुक साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम, म्हणजे दहा पुस्तकं सव्वा किलोच्या आत, एवढं भाचा-पुतण्या कुरकुर न करता आणतो. त्याच्या पत्त्यावर आधी मागवून ठेवायची आणि दिवाळीत आला की चकलीच्या डब्याच्या बदल्यात हातात.

घरी आणल्यावर

लगेच कपाटात घालू नका, बाकीच्या पुस्तकांना कसर लागेल. आठवडाभर वेगळं ठेवा. किड्याची शंका असेल तर झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर पाणी सुटतं. आमच्याकडे मटाराच्या पाकिटाशेजारी मॅड होतं तेव्हा बायकोने जे काही ऐकवलं ते इथे लिहीत नाही. कुबट वास असेल तर मोठ्या डब्यात पुस्तक आणि शेजारी वाटीत खायचा सोडा, पुस्तकावर टाकायचा नाही, नुसता शेजारी, झाकण लावून काही दिवस.

सेलोटेप लावायची नाही. नाही म्हणजे नाही. आज कणा चिकटतो, दहा वर्षांनी टेप पिवळी पडून सुटते आणि गोंदाचा डाग कायमचा राहतो. किमतीचं स्टिकर निघत नसेल तर हेअर ड्रायर कमी गरमवर, लांबून, आणि तरीही नाही निघालं तर राहू द्या.

कागद लाकडाच्या लगद्याचा, स्वस्तातला, त्यात जे राहून गेलंय तेच त्याला आतून खातं, म्हणून तो पिवळा, मग तपकिरी, मग कुरकुरीत होतो. हे थांबत नाही, फक्त हळू करता येतं. ऊन नको, तळघर नको, माळा नको, जिथे माणूस आरामात बसतो तिथे पुस्तकही बरं राहतं. पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या पॉकेटबुकच्या मापात कॉमिकच्या दुकानात मिळतात, साध्या पीव्हीसीच्या नको, त्या चिकटतात. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात मात्र पिशवी पूर्ण सीलबंद करू नका, आतली दमट हवा आतच राहते आणि बुरशी धरते, वरून थोडं उघडं, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि गणपतीनंतर ऊन पडलं की सगळी एकदा बाहेर काढून हवा द्यायची. उन्हात नाही हं, सावलीत. फळीत उभी ठेवा, फार घट्ट नको, आणि काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढू नका, बाजूची दोन मागे सरकवून मधलं धरा.

एक कटू गोष्ट

यातले बरेच विनोद आज वाचवत नाहीत. बायकांना गाडी चालवता येत नाही, सासू, ढेरपोट्या बॉसच्या मांडीवरची सेक्रेटरी, हे पन्नासच्या दशकातल्या संग्रहांत पानोपानी, आणि चाळीसच्या दशकातल्या पुस्तकांत, विशेषतः युद्धकाळातल्या, काळ्या आणि जपानी माणसांची चित्रं अशी आहेत की पोटात कसंतरी होतं. फेकून द्या असं मी म्हणत नाही, पण "कार्टूनचं आहे" म्हणून आठ वर्षांच्या मुलाच्या हातात न बघता देऊ नका. पीनट्स, डॉन मार्टिन, दोन हेर, हे बिनधास्त द्या.

यादी ठेवा

फोनमध्ये साधी शीट पुरे: नाव, प्रकाशक, नंबर, छपाई, अवस्था, किती दिले. सेलच्या गर्दीत "हे आहे का माझ्याकडे?" याचं उत्तर डोकं नेहमी चुकीचं देतं. ग्रँड कॉमिक्स डेटाबेस नावाची स्वयंसेवकांनी चालवलेली साइट आहे, तिथे बऱ्याच कार्टून पॉकेटबुकांची कव्हरं आणि साल सापडतात, शीट भरताना उघडी ठेवा. कधी ओहायोत कोलंबसला गेलात तर तिथल्या युनिव्हर्सिटीचं बिली आयर्लंड कार्टून म्युझियम बघा, प्रवेश फुकट, मूळ चित्रं केवढी मोठी काढायचे ते बघितल्यावर पॉकेटबुकच्या कापाकापीचं खरं दुःख कळतं.

दुबार आलेली पुस्तकं साठवू नका. माझी मी त्याच लायब्ररीच्या सेलला परत देतो. गेल्या वर्षी दिलेलं एक स्नूपी यंदा शेवटच्या दिवशी मीच पिशवीत घालून परत घरी आणलं, शीट न बघता.